पंखवाले, बिनपंखाचे आणि एजी ऑफिसवाले काका

शुक्रवार

गुरुवारी रात्री नाशिकरोडला पंजाब मेलमध्ये चढले, चढल्या चढल्या झोपले, आणि सकाळी इटारसीच्या आसपास जाग आली तर समोरच्या बर्थवर एक पारशी आंटी मांडीवर स्टीलचा डबा घेऊन चणे निवडत बसलेल्या. देवळालीच्या, मुलाकडे दिल्लीला चाललेल्या. गाडीत कुठे चणे निवडायचे म्हणून मी विचारलंच, तर म्हणाल्या, "अरे डिकरी, आज शुक्रवार छे ने, मुश्किल आसाननी वार्ता बोलवी पडे." मग अर्धं गुजराती अर्धं मराठी करत त्यांनी सांगितलं की शुक्रवारी बेहराम यझदचं, म्हणजे त्यांच्या एका देवदूताचं, नाव घेऊन चणे साफ करायचे आणि लाकूडतोड्याची गोष्ट सांगायची, अडचण सुटते. घरी ऐकायला कोणी नव्हतं बहुतेक, मी मिळाले, गोष्ट अख्खी ऐकली.

आणि विषय माझ्याच डोक्यातला निघाला ना. भाचीला शाळेत ख्रिसमसच्या नाटकात एंजल केलं होतं, थर्माकोलचे पंख, डोक्यावर चमकीची रिंग, आणि नाटक झाल्यापासून तिचं एकच चालू होतं की मारुती उडतो तर त्याला पंख का नाहीत. मी म्हटलं थांब, बघून सांगते. ग्वाल्हेरला आत्या किती वर्षं बोलावतेय, तिकडे किल्ला आहे, देवळं आहेत, दर्गा आहे, गोऱ्यांचं कब्रस्तान आहे, एकाच गावात सगळ्यांचे देवदूत बघून होतील असा हिशोब.

आंटींकडे तर सगळं टाइमटेबलच निघालं. पारशी कॅलेंडरमध्ये महिन्याचे तीस दिवस आणि प्रत्येक दिवसाला एकेक नाव, बहुतेक कुठल्या ना कुठल्या यझदचं, आपण सोमवार मंगळवार म्हणतो तसं ते होरमझ्द रोज, बहमन रोज, सरोश रोज म्हणतात. महिन्यांनाही त्यातलीच नावं, आणि रोजाचं नाव नि महिन्याचं नाव जुळलं की सण, म्हणजे आवां महिन्यात आवां रोज आला की पाण्याचा सण, आदर महिन्यात आदर रोज आला की अग्नीचा. माणूस गेला की पहिले तीन दिवस त्याचा आत्मा सरोशच्या ताब्यात असतो आणि चौथ्या दिवशी पहाटे चिन्वत पुलावर हिशोब होतो, तिथे मेहेर, सरोश आणि रश्ने असे तिघं बसलेले. हे सांगताना आंटींच्या गळ्यातलं लॉकेट हलत होतं, पंख पसरलेला दाढीवाला माणूस, फरोहर. मी म्हटलं हा एंजल का, तर हसल्या. पोरं म्हणतात तसं, पण त्यांच्या आजीने त्यांना सांगितलं होतं की ती प्रत्येकाची स्वतःची फ्रवशी, म्हणजे राखण करणारा आत्मा, आपण जन्मायच्या आधीपासून असते. पंखवाला पहिला सापडला तो असा गाडीतच.

ग्वाल्हेरला उतरले, थंडी अशी की तोंडातून वाफ. आत्याचं घर लष्कर नावाच्या भागात, महाराज बाड्याच्या चौकापासून चालत. आत्याची मराठी ऐकायला मला फार आवडते, "अगं तू तर एकदम बारीक होऊन गेलीस, आधी चहा पिऊन घे मग बाकीचं पाहू." काका एजी, म्हणजे अकाउंटंट जनरलच्या ऑफिसमधून ऑडिटर म्हणून रिटायर झालेत आणि ग्वाल्हेरात एजी ऑफिसवाला म्हटलं की जास्त सांगावं लागत नाही. प्रत्येक गोष्टीत हाफ मार्जिन, म्हणजे ऑडिटची हरकत काढायची सवय अजून गेलेली नाही. भाजीत मीठ जास्त झालं तरी आधी खुलासा मागतात. मी येण्याचं कारण सांगितलं तर त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे नेमकं काय बघायचं? सँक्शन्ड पोस्ट किती, काम काय, रिपोर्ट कोणाला?" आणि गेल्या वर्षीच्या कॅलेंडरच्या पाठीमागे तक्ता आखायला घेतला. मी मनात म्हटलं झालं आता.

ठाण्याच्या मैत्रिणीला साडेपाचला फोन केला कारण ती बेने इस्राएल, म्हणजे आपल्याकडची मराठी ज्यू, शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लागले की फोन उचलत नाही. तिला म्हटलं तुमच्याकडचं एक सांग पटकन. तिने सांगितलेलं मला जसंच्या तसं आवडलं. शुक्रवारी संध्याकाळी प्रार्थना करून माणूस घरी निघाला की दोन दूत त्याच्यासोबत येतात, एक चांगला एक वाईट. घरात दिवा लावलेला, टेबल मांडलेलं, अंथरूण नीट असेल तर चांगला म्हणतो पुढच्या शब्बाथलाही असंच असू दे, आणि वाईटाला इच्छा नसताना आमेन म्हणावं लागतं. घर विस्कटलेलं असेल तर उलट, वाईट म्हणतो पुढच्या वेळीही असंच असू दे आणि चांगल्याला आमेन म्हणावं लागतं. त्यांच्या तालमूद ह्या ग्रंथातलं आहे हे. मागून कुकरची शिट्टी ऐकू येत होती, म्हणाली टेबल मांडायचंय, ठेवते.

मी स्पीकरवर ठेवलं होतं. आत्या देवापाशी वाती करत होती, तिथूनच म्हणाली, "हे तर आपलंच झालं! तिन्हीसांजेला वाईट बोलू नये, वास्तू तथास्तु म्हणते, आमच्या सासूबाई दहादा सांगायच्या." खरंच की. लहानपणी कोणी "मेलेच मी" असं म्हटलं की आजी लगेच गप करायची, वास्तुपुरुष सारखा तथास्तु म्हणत असतो म्हणून. आपला वास्तुपुरुष चांगलं-वाईट निवडत नाही, जे कानावर पडेल त्याला तथास्तु, आणि त्या दोन दूतांनाही निवडता येत नाही, घर बघायचं आणि जे असेल त्यावर आमेन. काकांनी तक्त्यात लिहिलं, 'अधिकार : फक्त प्रतिस्वाक्षरी'.

शनिवार

किल्ला. काका माकडटोपी घालून सात वाजता तयार. आत्याने बेडई आणि जिलेबी मागवून ठेवली होती, ती पोटभर खाऊन ग्वाल्हेर दरवाज्याकडून पायी चढलो, चढ दमवतो पण त्याच वाटेवर चतुर्भुज मंदिर लागतं म्हणून गाडीने वर जाऊ नका असं मी सांगेन. कातळात कोरलेलं लहानसं देऊळ, इसवी सन ८७६ चा शिलालेख, आणि त्यात २७० आणि ५० हे आकडे शून्यासकट कोरलेत म्हणून ते गणितवाल्यांत प्रसिद्ध. लोक येतात, शून्याचा फोटो काढतात, जातात. पण तो आकडा कसला आहे ते कोणी वाचत नाही. देवळाला फुलबागेसाठी जमीन दिली ती २७० हात लांब, १८७ हात रुंद, आणि देवाला रोज ५० माळा द्यायच्या. काकांना हे एकदम पसंत पडलं, कारण तरतूद आणि उद्दिष्ट दोन्ही लेखी.

माळांचं मी उगाच सांगत नाहीये. वर सासबहूच्या देवळात गेलो, कच्छपघात राजा महीपालाच्या काळातलं, १०९३ चा लेख आहे, आणि तिथे मान मोडेपर्यंत वर बघत उभी राहिले. आपल्या जुन्या देवळांत कुठेही बघा, मुख्य देवाच्या वरच्या कोपऱ्यात, कमानीपाशी उडणारी जोडपी असतात, विद्याधर आणि गंधर्व, आणि बहुतेकांच्या हातात माळा. पंख कुणालाच नाहीत. पाय गुडघ्यात मागे दुमडलेले, उपरणं मागे उडालेलं, एवढ्यावर शिल्पकाराने उडणं दाखवलंय आणि ते दिसतंसुद्धा. एका आकृतीचं नाक झिजून सपाट झालंय पण मागच्या पायाची टाच वर उचललेली आणि उपरण्याचं टोक मात्र कालच वारा लागल्यासारखं. भाचीला फोटो पाठवला, मारुतीसुद्धा असाच उडतो असं लिहून. तिकडून व्हॉइस मेसेज, "पण ते पडतील ना!"

पडतात की. पुष्पदंताची गोष्ट आठवा, आपल्याकडे श्रावणात शिवमहिम्न म्हणतात ते ज्याच्या नावावर आहे तो. गंधर्व, अदृश्य होऊन राजाच्या बागेतली फुलं चोरायचा, राजाने वाटेवर शंकराचं निर्माल्य पसरून ठेवलं, ह्याचा पाय पडला आणि शक्ती गेली, उडता येईना. तेव्हा स्तोत्र रचलं. म्हणजे आपले गंधर्व चोरी करतात, भांडतात, प्रेमात पडतात, शाप खातात, खाली येऊन जन्म घेतात, आणि मुख्य म्हणजे गातात. निरोप पोचवायचं काम त्यांचं नाहीच. काकांचा तक्ता इथे अडला. गायनाला कुठल्या हेडखाली टाकायचं. मी म्हटलं, बालगंधर्व, सवाई गंधर्व, कुमार गंधर्व, आपण माणसांना ही पदवी देतो, कोणा गवयाला कधी यमदूत म्हटलंय का आपण? काका म्हणाले, "आमच्या शेजारी एक शिकत होता, त्याला म्हणायचो."

तेलीचं मंदिर वाटेत पाहिलं, तीस मीटर उंच, आठव्या-नवव्या शतकातलं, दाराच्या वर गरुड. हा मात्र पंखवाला. पण मग लक्षात येतं की गरुड पक्षीच आहे, त्याला पंख असणारच, माणसाला पंख चिकटवण्याची कल्पना ती नव्हे. जटायू, संपाती सगळे त्यातलेच.

संध्याकाळी गुरुद्वाऱ्यात, दाता बंदी छोड. जहांगिराने सहावे गुरू हरगोबिंद ह्यांना ह्याच किल्ल्यात कैदेत ठेवलं होतं आणि सुटताना त्यांनी आपल्यासोबत ५२ राजांना सोडवलं अशी कथा, अंगरख्याला ५२ टोकं लावली आणि एकेक टोक एकेकाने धरलं. लंगरमध्ये जेवलो, जेवण साधं आणि गरम, आत्या म्हणेल त्यापेक्षा एक पोळी जास्तच खाल्ली. रहिरास, म्हणजे संध्याकाळची प्रार्थना, चालू होती. शेजारच्या एका सरदारजींना काकांनी हळूच विचारलं तुमच्यात फरिश्ते असतात का. त्यांनी सांगितलं, आत्ता जे चाललंय त्यातच ऐका, गुरू नानकांचं 'सो दर', त्या एकाच्या दारापाशी कोणकोण गातंय त्याची यादी आहे, वारा पाणी अग्नी, धर्मराज, इंद्र, आणि चित्रगुप्त, जे लिहायचं काम करतात तेसुद्धा तिथे गातात. आणि ग्रंथसाहिबात दुसरीकडे अज्राईल फरिश्ताही येतो, जीव घेणारा. एकाच ग्रंथात चित्रगुप्त आणि अज्राईल. काका परत येताना गाडीत बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग म्हणाले, "लेखा विभागाचा माणूस गातोय म्हणजे बघ."

रविवार

रविवारी भाऊ-वहिनी घरी म्हणून सगळे मिळून उरवाईच्या बाजूला, गोपाचलच्या जैन मूर्ती बघायला. सांगून ठेवते, हे फोटोत काही कळत नाही. डोंगराचा उभा कडा आणि त्यात ओळीने उभे तीर्थंकर, पंधराव्या शतकात तोमर राजे डुंगरसिंह आणि कीर्तिसिंह ह्यांच्या काळात कोरलेले, सगळ्यात मोठी आदिनाथांची मूर्ती सुमारे ५७ फूट. आपण त्यांच्या पावलाएवढे. बाबर ग्वाल्हेरला आला तेव्हा त्याला ह्या आवडल्या नाहीत, त्याने तोडायचा हुकूम दिला असं त्यानेच आठवणीत लिहून ठेवलंय, बऱ्याच मूर्तींचे चेहरे फोडले गेले, नंतर काहींचे परत बसवले.

तीर्थंकर काहीच करत नाहीत, नुसते उभे. सगळी धावपळ आजूबाजूला. वर तीन छत्र्या, बाजूला चवऱ्या ढाळणारे, वर हार घेऊन येणारे विद्याधर, कुठे दुंदुभी वाजवणारा. ह्याला जैन आठ प्रातिहार्य म्हणतात, फुलांची वृष्टी, चामर, दुंदुभी, छत्र वगैरे, तीर्थंकरांच्या ज्ञानप्राप्तीनंतर देव ती सेवा करतात. तिथे एक जैन कुटुंब आलं होतं, सागरकडचं, त्यातल्या आजोबांनी काकांचा तक्ता बघितला आणि पेनच काढून घेतलं. त्यांच्याकडे देवांचे चार वर्ग, भवनवासी, व्यंतर, ज्योतिष्क, वैमानिक. व्यंतरांचे परत आठ प्रकार, किन्नर, किंपुरुष, महोरग, गंधर्व, यक्ष, राक्षस, भूत, पिशाच. मी म्हटलं गंधर्व आणि पिशाच एकाच वर्गात? म्हणाले हो, सगळे देवगतीतलेच, आयुष्य फार लांब, सुख फार. आणि मग म्हणाले, "लेकिन बेटा, देव मोक्ष नहीं जा सकता."

हे त्यांनी असं सांगितलं की वहिनीने मोबाइल खाली ठेवला. देवाला व्रत घेता येत नाही, संयम पाळता येत नाही, साधा एक उपास त्याच्याच्याने होत नाही, कारण त्या गतीत ती सोयच नाही. सुख भोगायचं, पुण्य संपलं की खाली. मोक्षाला जायचं तर आधी माणूस म्हणून जन्म घ्यायचा. एकदम वरच्या सर्वार्थसिद्धीतले देव आहेत त्यांनाही एक मनुष्यजन्म शिल्लक असतोच. आत्या लगेच म्हणाली तुकोबा हेच सांगतात, स्वर्गातले देव मृत्युलोकात जन्म मागतात म्हणून, त्यांना कीर्तन करायचं असतं. आत्याचं माहेर पंढरीच्या वारीतलं, तिला ह्यात नवल वाटलं नाही. मला वाटलं. मी घरून निघाले होते ते हे वर आपण खाली असा नकाशा घेऊन.

वहिनीचं एक सांगायचं राहिलं, ती एंजल नंबरवाली आहे. घड्याळात ११:११ दिसले की स्क्रीनशॉट. १११ म्हणजे अमुक, ४४४ म्हणजे तुम्हाला एंजल सांभाळतायत, रोज रील बघते. काकांचा ह्यावर राग, आकडा म्हटलं की व्हाउचर पाहिजे. दुपारी घरी ह्याच्यावरून जरा वाजलंच. मी वहिनीच्या बाजूने बोलले. का ते सोमवारी कळलं सगळ्यांना.

सोमवार

हजिऱ्याला, मोहम्मद गौस ह्यांचा मकबरा. मला विचाराल तर ह्या ट्रिपमधली सगळ्यात भारी जागा ही. बाग, मधे चौकोनी इमारत, कोपऱ्यांना बुरूज आणि वर छत्र्या, आणि चारी बाजूंनी दगडी जाळ्या. एकेका जाळीची नक्षी वेगळी. आतून बघितलं तर बाहेरचं ऊन जाळीतून तुकडे तुकडे होऊन जमिनीवर पडतं आणि चादरीवरून सरकत जातं. शेजारी तानसेनची छोटी समाधी, तिच्यापाशी चिंच, गवई तिचा पाला खातात आवाजासाठी, मीही खाल्ला, आंबट. डिसेंबरमध्ये इथे तानसेन समारोह होतो, आता शांत होतं.

गौस हे शत्तारी पंथाचे सूफी. बाबराच्या लोकांना ग्वाल्हेरचा किल्ला हातात यायला ह्यांच्या सल्ल्याची मदत झाली, हुमायून ह्यांना मानायचा, शेरशहा आला तेव्हा ह्यांना गुजरातेत जावं लागलं. १५६२-६३ च्या सुमाराला वारले. पण माझ्या कामाचं वेगळंच. तरुणपणी चुनारच्या डोंगरात वर्षानुवर्षं एकांतात राहून त्यांनी जे केलं त्यातून 'जवाहिर-इ-खम्सा' नावाचा ग्रंथ झाला. त्यात अल्लाहच्या नावांचा जप कसा करायचा ते आहे, आणि त्यात अरबी लिपीच्या २८ अक्षरांचा पूर्ण हिशोब, प्रत्येक अक्षराला एक संख्या, एक तत्त्व, एक रास, एक ग्रह, एक धूप, एक जिन्न आणि एक मुवक्किल म्हणजे नेमून दिलेला फरिश्ता. 'अलिफ' अक्षराला इस्राफील, 'बे' अक्षराला जिब्रईल, असं पुढे. धूप पण वेगळा, एकाला अगरू, एकाला साखर, एकाला दालचिनी, एकाला लाल चंदन. जप किती वेळा हे संख्येवरून काढायचं.

हे काकांना सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. इतका सुंदर तक्ता त्यांनी नोकरीतही पाहिला नसेल. आणि वहिनी म्हणाली, "बघा! आकड्यांवरून फरिश्ते!" आता फरक आहे हे मलाही कळतं, चुनारच्या डोंगरात झाडपाला खाऊन राहणं वेगळं आणि रील बघणं वेगळं. पण नंबर सगळ्यांनाच हवा होता हे मात्र खरं. आणि त्या नंबरवरून भांडणंही जुनीच आहेत. युरोपात आल्डेबर्ट नावाचा एक फिरता धर्मोपदेशक उरीएल, रागुएल अशी नावं घेऊन देवदूतांची प्रार्थना करायचा, तर ७४५ साली रोमच्या धर्मसभेने त्याचा निषेध केला, मिखाएल, गाब्रिएल, राफाएल सोडून बाकीची नावं चालणार नाहीत असं ठरवलं. गौसांनाही गुजरातेत त्रास झाला, पण तो त्यांनी स्वतःच्या आकाशारोहणाचं, मेराजचं जे वर्णन लिहिलं त्यावरून, उलेमा भडकले, आणि वजीहुद्दीन अलवींसारखा मोठा विद्वान त्यांच्या बाजूने उभा राहिला. ह्याच गौसांच्या नावावर योगाच्या अमृतकुंड नावाच्या ग्रंथाचा फारसी अवतारही आहे, 'बहर अल-हयात', आसनं, श्वास, सगळं. एकीकडे जिब्रईल एकीकडे प्राणायाम.

मकबऱ्यापाशी फुलं विकणारे एक चाचा होते, दाढी पांढरीशुभ्र, काकांच्याच वयाचे असतील. दोघांचं जमलं. चाचांनी सांगितलं फरिश्ते नूरचे, म्हणजे प्रकाशाचे बनलेले, जिन्न आगीचे, माणूस मातीचा. प्रत्येकाच्या दोन खांद्यांवर दोघं लिहिणारे, किरामन कातिबीन, उजवा चांगलं लिहितो, डावा वाईट. पण वाईट काम झालं की उजवा डाव्याला म्हणतो थांब जरा, तौबा करेल कदाचित, आणि काही तास पेन उचलू देत नाही. काका म्हणाले खुलाशाला मुदत. आणि जुम्म्याला, चाचा म्हणाले, मशिदीच्या दारात फरिश्ते बसतात, कोण आधी आला कोण नंतर ते लिहून घेतात, इमाम मिंबरवर बसला की वह्या मिटून आत जाऊन खुतबा, म्हणजे प्रवचन, ऐकतात. काका माझ्याकडे वळून, "सव्वादहाला मस्टर साहेबांच्या केबिनमध्ये जायचं ना, तेच."

मग मी त्यांना रविवारचं सांगितलं, देवाला मोक्ष नाही ते. चाचा म्हणाले आमच्यातही आदमला सजदा कोणी केला? फरिश्त्यांनी केला. अल्लाहने आदमला सगळ्या वस्तूंची नावं शिकवली, फरिश्त्यांना विचारली तर म्हणाले आम्हाला तेवढंच ठाऊक जेवढं तू शिकवलंस, मग आदमने नावं सांगितली, आणि सगळ्यांना हुकूम झाला झुका. इब्लिस नाही झुकला, मी आगीचा हा मातीचा म्हणून. चाचा बोलत बोलत गुलाबाच्या पाकळ्या टोपलीत सारखं पाणी शिंपडत होते, हाताची सवय. आजोबांचं आणि चाचांचं कारण अगदी वेगळं आहे, एकीकडे तपाचं आणि एकीकडे ज्ञानाचं आणि हुकमाचं, दोन्ही एकच म्हणून टाकायची घाई मला करायची नाही. पण माणूस वरचढ निघाला हे दोघांकडे. वहिनीने दहा रुपयांची फुलं घेतली, वीस दिले.

मंगळवार

मुरार. इंग्रजांची छावणी इथे होती, १८८६ मध्ये किल्ला आणि मुरार शिंद्यांना परत मिळालं, झाशी इंग्रजांकडे गेली. कब्रस्तानात गवत कमरेएवढं, आत्या साप असतील म्हणून गाडीतच बसली. बऱ्याच कबरी लहान मुलांच्या आणि विशीतल्या शिपायांच्या, कॉलरा, ताप. अशा ठिकाणी तक्ता काढायचा काकांना पण धीर झाला नाही थोडा वेळ. एका कबरीवर संगमरवरी एंजल, एका पंखाचं टोक तुटलेलं, हातात फुलांचं कडं.

हे कडं बघून मला माळांचं जुळलं. बायबलमध्ये पंख सगळ्यांना नाहीत. सेराफिमांना सहा आहेत, यशयाने पाहिले ते, दोन चेहरा झाकायला, दोन पाय झाकायला, दोन उडायला. पण अब्राहामाकडे आलेले तिघं साध्या माणसांसारखे येतात, पाय धुतात, झाडाखाली बसून जेवतात. याकोबाच्या स्वप्नात दूत शिडीवरून चढउतार करतात, पंख असते तर शिडी कशाला. ख्रिस्ती चित्रांतही सुरुवातीला पंख नाहीत, चौथ्या शतकाच्या शेवटी यायला लागतात. इस्तंबूलच्या म्युझियममध्ये एका लहान राजपुत्राची त्या काळातली दगडी शवपेटी आहे, पंखवाल्या देवदूतांच्या सगळ्यात जुन्या नमुन्यांत तिचं नाव घेतात. त्यावर दोघं आडवे उडतायत, आणि दोघांनी मिळून धरलंय काय, तर गोल हार, मधे ख्रिस्ताचं चिन्ह. विजयाची जी ग्रीक देवी होती, नाइकी, तिचे पंख ह्यांना मिळाले. कुराणात दोन, तीन, चार पंखांचे फरिश्ते सांगितलेत. म्हणजे पंख कुठे आहेत कुठे नाहीत, पण हार घेऊन उडणारे इस्तंबूलला आहेत, सासबहूला आहेत, उरवाईच्या कड्यावर आहेत. भाचीला एवढंच सांगितलं की पंख असले तरी चालतात. तिने विचारलं मग रिंग?

अजून एक, कार्डांवरचे ते गुबगुबीत गालांचे एंजल मला कधी पटले नाहीत आणि आता तर अजिबात नाही. बायबलमध्ये दूत आला की बहुतेक वेळा त्याला पहिलं वाक्य बोलावं लागतं, भिऊ नको. इतके भीतिदायक असणार ते.

काकांना मग डायोनिसियस नावाच्या ख्रिस्ती लेखकाने लावलेल्या देवदूतांच्या नऊ श्रेणी सांगितल्या, इसवी सन ५०० च्या सुमाराच्या, वरून सेराफिम, चेरुबिम, सिंहासनं, मग अधिपती, सामर्थ्य, सत्ता, मग प्रमुख, महादूत आणि सगळ्यात खाली साधे दूत. माणसांशी रोजचा संबंध फक्त खालच्यांचा. "फील्ड स्टाफ," काका म्हणाले आणि गाडीच्या बॉनेटवर तक्ता ठेवून भरून टाकलं. गंधर्वांचा रकाना अजून कोराच होता.

बुधवार

सकाळी स्टेशन. आत्याने गजक दिला, तीन डबे, एक भाचीचा, एक देवळालीच्या आंटींचा (पत्ता घेऊन ठेवला होता मी), एक ठाण्याचा. गाडीला वेळ होता म्हणून काकांनीच माझ्या फोनवरून ठाण्याला फोन लावायला लावला, त्यांचा एक प्रश्न राहिला होता, अब्राहामाकडे एका निरोपासाठी तिघं का आले, ही तर उधळपट्टी झाली.

मैत्रीण हसायला लागली. म्हणाली, काका, हे आमच्या रब्बींनीही विचारलंय, आणि त्यांचं उत्तर असं की एका दूताला एकाच वेळी दोन कामं देत नाहीत. एक साराला मुलगा होणार हे सांगायला आला, एक अब्राहामाच्या पुतण्याला, लोटाला वाचवायला, एक सदोम हे पापी शहर उलथवायला. ज्याचं काम झालं तो निघून गेला, म्हणून पुढच्या गोष्टीत दोघंच दिसतात.

काका दोन मिनिटं नुसते उभे. समोरून हमाल "जरा साइड" करत गेला तरी हलले नाहीत.

"एकाला एकच चार्ज," ते आत्याला म्हणाले. "आणि मी सतरा महिने तिघांचं टेबल सांभाळलं. ऐकतेस ना?"

"ऐकते, ऐकते," आत्या म्हणाली, "तुम्ही आधी तिची बॅग चढवून द्या."